होळीची कांजी : आंबट, पण मादक नव्हे

सण म्हटला की पाहुणे आले आणि पाहुण्यांसोबत पेयपानही आले. यजमानापुढे नेहमीचाच प्रश्न उभा राहतो : लहान मुले, वडीलधारी मंडळी आणि मद्य वर्ज्य मानणारे स्नेही या सर्वांपुढे एकच पेला कसा ठेवावा? उत्तर भारताने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे. पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात होळीच्या सुमारास घरोघरी होणारी कांजी हेच ते उत्तर होय.

हिवाळ्यात मिळणारी काळी गाजरे, पाणी, मीठ, मोहरीची पूड आणि थोडे तिखट एवढेच तिचे साहित्य. गाजरांतील रंगद्रव्यामुळे पाण्याला गडद जांभळा रंग चढतो. काळी गाजरे न मिळाल्यास लाल गाजरांसोबत एखादे बीट घालतात. राजस्थानात व उत्तर प्रदेशात मोहरीच्या अशाच आंबट पाण्यात मुगाच्या डाळीचे वडे भिजवून ‘कांजी वडा’ करतात.

आंबवलेले पेय असूनही कांजी मादक का होत नाही? साखरेपासून मद्यार्क बनवण्याचे काम मुख्यत्वे यीस्ट करते. कांजीत मात्र गाजरांवरील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू प्रबळ ठरतात. मीठ आणि त्या आम्लाचा आंबटपणा इतर बहुतेक सूक्ष्मजीवांना आवर घालतात. मोहरीचा झणकाही त्यास साहाय्य करतो. नाचणीची आंबील आंबते तीही प्रामुख्याने अशाच जिवाणूंमुळे. तथापि, कांजीत मद्यार्काचा अत्यल्प अंश असू शकतो. त्यामुळे काटेकोर पथ्य पाळणाऱ्या पाहुण्यांस पेय आंबवलेले असल्याची पूर्वकल्पना देणे हे यजमानाचे कर्तव्यच ठरते.

कृती सोपी आहे. उकळून गार केलेल्या २ लिटर पाण्यात स्वच्छ धुतलेल्या अर्धा किलो गाजरांचे लांबट तुकडे, ५० ग्रॅम मीठ, ३ मोठे चमचे मोहरीची पूड आणि १ लहान चमचा तिखट घालावे. मिश्रण चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरून तोंडाला पातळ फडके बांधावे, बरणी उन्हात ठेवावी आणि रोज कोरड्या, स्वच्छ चमच्याने ढवळावे. उत्तरेकडील सौम्य उन्हात ३ ते ५ दिवसांत आंबटपणा येतो. मुंबई-पुण्याच्या उष्म्यात तो लवकर येत असल्याने दुसऱ्या दिवसापासून चव पाहावी. मनाजोगता आंबटपणा येताच बरणी शीतकपाटात ठेवावी.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. साखर घालून पेय अधिक दिवस आंबवू नये. त्यामुळे यीस्टला वाव मिळतो. आंबत असताना बाटलीचे बूच घट्ट लावू नये. आत साचणाऱ्या वायूच्या दाबाने काच फुटू शकते. बुरशी दिसल्यास किंवा दुर्गंधी आल्यास संपूर्ण बरणी रिकामी करावी.

आणखी एक हिशेब महत्त्वाचा आहे. वरील प्रमाणात केलेल्या २०० मिलिलिटर कांजीत सुमारे ४ ग्रॅम मीठ असते. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कांजी लहान पेल्यातून, गार पाणी मिसळूनच द्यावी. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आग्रह करूच नये. आदरातिथ्यात आग्रहाला मान आहे, पण पाहुण्याच्या प्रकृतीचा मान त्याहून मोठा आहे.