रंधा, कानस आणि सहा तारा

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास म्हटलं की फेंडर आणि गिब्सन ही दोन नावं आधी येतात. ती यायलाच हवीत. पण गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा मागोवा घेतला, तर या वाद्याच्या जडणघडणीत घरातल्या टेबलावर, उसनवारीच्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसांचा वाटाही तितकाच ठसठशीत दिसतो.

सुरुवात 1940 च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये. पोकळ गिटारला तारांचं कंपन टिपणारा पिकअप लावून आवाज वाढवला की तिची पेटीच घुमायला लागते आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. वादक लेस पॉल या त्रासाला कंटाळला होता. सुटीच्या दिवशी एपिफोनच्या कारखान्यात बसून त्याने पाइनच्या चार इंची चौरस ठोकळ्यावर नेक, तारा आणि पिकअप बसवले. दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. ‘लॉग’ म्हणजे ओंडका, हेच तिचं नाव पडलं.

या ओंडक्याने हौशी माणसाची वाट मोकळी केली. पातळ फळ्या वाकवून पेटी घडवायला मुरलेला कारागीर लागतो; जाड फळी कापायला मात्र सुतारकामाची जुजबी माहिती पुरते. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने 1950 मध्ये बाजारात आणलेल्या गिटारचा नेक चक्क स्क्रूने आवळलेला होता. खोलता येते ती वस्तू समजून घेता येते आणि समजली की करून बघावीशी वाटते.

अशा करून बघण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण लंडनच्या पश्चिम उपनगरातलं. ऑगस्ट 1963 मध्ये सोळा वर्षांच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर गिटार करायला घेतली. हवी ती गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती. वडील, हॅरल्ड, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. नेकसाठी शेकोटीवरच्या जुन्या फळीचं महोगनी लाकूड मिळालं. त्यातली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड वापरला, वर महोगनीचं व्हिनियर चढवलं. पट्टीवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे.

तिचा ट्रेमोलो जवळून पाहण्यासारखा आहे. दांडी दाबली की तारा सैल पडतात, सोडली की पुन्हा नेमक्या सुरावर याव्या लागतात. त्यासाठी घर्षण कमीत कमी हवं. म्हणून बापलेकांनी ब्रिजची पट्टी पोलादी सुरीच्या धारेवर तोलली आणि तारांचा ताण पेलायला 1928 च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. दांडी सायकलच्या पिशवीच्या आधाराची, तिचं टोक विणकामाच्या सुईचं. साहित्य भंगारातलं, पण त्यामागचा विचार इंजिनिअरचा.

पिकअपही आधी घरीच केले होते. हार्डवेअरच्या दुकानातली चुंबकं आणून त्यांभोवती तांब्याची तार गुंडाळली. आवाज छान आला, पण तार बोटाने आडवी ताणली की विचित्र खरखर येई. शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट होते, आणि ताणलेली तार एकावरून दुसऱ्याकडे सरकत होती. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन पिकअप घेतले, त्यांत अराल्डाइट ओतून त्यांचं थरथरणं थांबवलं. प्रत्येकाला चालू-बंदचं एक बटण आणि फेज उलटवायचं दुसरं. यातून जितके आवाज निघतात तितके त्या काळच्या दुकानातल्या गिटारमधून क्वचितच निघत. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने मेच्या बँडसाठी गायलेल्या 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त जी गिटार ऐकू येते, ती हीच ‘रेड स्पेशल’. 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर मेने वाजवली तीही हीच.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात एडी व्हॅन हॅलनने वेगळी वाट धरली. स्वस्तात मिळालेली डागी बॉडी, वेगळा घेतलेला नेक, गिब्सनमधून काढलेला आणि वितळलेल्या मेणात बुडवलेला पिकअप अशी त्याने जुळवाजुळव केली. 1978 च्या पहिल्या अल्बमनंतर कारखानेच त्या धर्तीच्या गिटारी काढू लागले. मग सुटे भाग विकणाऱ्या कंपन्या वाढल्या, आणि 1986 मध्ये मेल्विन हिस्कॉकचं ‘मेक युवर ओन इलेक्ट्रिक गिटार’ हे पुस्तक आल्यावर ज्ञानही सहज हाती लागलं.

आज कारखान्यातली साधी गिटार लाकूड आणि सुट्या भागांच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. ब्रायन मेला गिटार करायला लावणारी गरज उरलेली नाही, तरी हौस वाढतेच आहे. याचं कारण मला फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातुपट्ट्यांच्या, मापात सापडतं. तारेची लांबी 17.817 ने भागली की पहिला फ्रेट कुठे बसवायचा ते कळतं. उरलेली लांबी पुन्हा भागली की दुसरा. रेड स्पेशलच्या 24 इंची तारेवर ही अंतरं 34.2 आणि 32.3 मिलिमीटर येतात. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर पडतो. एरवी वाजवणारा सप्तक गृहीत धरतो. स्वतः करवत चालवणाऱ्याला ते आखावं लागतं, कापावं लागतं, कानसेने सारखं करावं लागतं. वाद्याशी इतकी ओळख विकत मिळत नाही. ज्याला सूर आणि सुतारकाम दोन्ही आवडतात, त्याने आयुष्यात एक तरी गिटार स्वतः घडवावी, असं मी मनापासून सांगेन.