बेडपॅन नसलेली शाखा

“बाई, ज्यात घाण काढावी लागत नाही, अशी नर्सिंगची शाखा कोणती हो?”

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी मुलगी दबक्या आवाजात विचारते. मी निवृत्त परिचारिका, राहते नाशकात. येथे दिंडोरी रस्त्यावर १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले. तेव्हा अशा मुलींची आमच्या गावाला वानवा नाही. हल्ली मुलगेही हेच विचारतात.

प्रश्नात लाजण्यासारखे काहीच नाही. किळस ही रोगापासून दूर राहावे म्हणून निसर्गाने दिलेली राखण आहे. ती येते म्हणून मनात दया नाही, असे मुळीच नव्हे.

परंतु शाखा येते नंतर. बी. एस्सी. नर्सिंगची चार वर्षे किंवा जी. एन. एम.ची तीन वर्षे सर्वांनाच वॉर्डातून काढावी लागतात. त्यातून कुणाचीच सुटका नाही. पुढे मात्र वाटा फुटतात. शस्त्रक्रियागृहात बेडपॅन क्वचितच, पण रक्त आणि पू रोजचा. शिवाय गॉझचा तुकडा न्‌ तुकडा मोजण्याची दक्षता हवी. अतिदक्षता विभागातली चकचकीत यंत्रे पाहून पुष्कळजणी भुलतात. पण तिथला रोगी बेशुद्ध असतो, त्याचे सारेच आपल्याला करावे लागते! मनोरुग्णांच्या सेवेत हात कमी मळतात, पण मनाचा कस लागतो. सामाजिक आरोग्याची शाखा घेतलीत, तर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि क्षयरोग्याच्या थुंकीचे नमुने, ही कामे आलीच.

आणि खरे सांगू? ज्याला आपण घाण म्हणतो, ती रोगाची भाषा आहे. लोहाच्या गोळ्या चालू नसताना शौचास डांबरासारखे काळे झाले, तर जठरात रक्तस्राव होत असेल. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब कॉलऱ्याची वर्दी देतात. तान्ह्या बाळाची शी पांढुरकी दिसली, तर पित्तनलिका बंद असल्याची शंका घ्यावी. त्यावरची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची आशा अधिक. नाक मुरडून लंगोट गुंडाळणारीला हे दिसणार कसे?

शिकत असताना निफाडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे अंथरूण मी बदलत होते. माझ्या पोटात ढवळत होते. ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, “पोरी, तुला माझ्यापायी हे करावं लागतंय गं.” माझ्या किळसेपेक्षा त्यांची लाज कितीतरी मोठी होती. “बाबा, पाऊस कसा झाला यंदा तुमच्याकडे?” मी विचारले. ते बोलू लागले, आणि काम केव्हा संपले ते दोघांनाही कळले नाही.

पुढे मी शिकणाऱ्या मुलींना हेच सांगत आले : सामान आधी जवळ घ्या, हातमोजे चढवा, पडदा ओढा, तोंडाने श्वास घ्या आणि रोग्याशी बोलत राहा. बहुतेकींना काही महिन्यांत सवय होते. वर्षभराने ज्यांना जेवण जात नाही, त्यांनी खुशाल दुसरी शाखा धरावी. त्यात कमीपणा नाही. फक्त निवडताना, काय टाळायचे एवढेच पाहू नका. कोणत्या रोग्याजवळ बसायला आपल्याला आवडते, तेही पाहा. नोकरीची तीस-पस्तीस वर्षे त्याच्याच जवळ जायची आहेत.