रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे अख्खा ट्रक निर्धोक?

पोतं उघडायचं, मूठभर कोंबडीखाद्य हुंगायचं. कुबट वास नाही, बुरशी नाही, की माल चांगला. ही पारख बुरशीपुरती ठीक आहे. साल्मोनेला हा जिवाणू मात्र नाकाडोळ्यांना सापडत नाही. कोरड्या खाद्यात तो वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरतो. तो पोटात असलेली कोंबडी बहुतेकदा ठणठणीत दिसते, म्हणून संशयही येत नाही. 1970 च्या सुमारास पेरूहून आलेल्या मासळीच्या भुकटीतून ‘साल्मोनेला अगोना’ अमेरिका-ब्रिटनमधल्या कोंबड्यांत शिरला आणि तिथून माणसांपर्यंत पोचला.

खाद्याचे पेलेट वाफेवर तयार होतात, मग जंतू राहतीलच कसे, असं अनेकजण विचारतात. उष्णतेने बहुतेक मरतात, हे खरं. पण गरम पेलेट कूलरमध्ये गार होताना वाफेचं पाणी होतं, त्यावर धूळ बसते आणि तिथेच लागण नव्याने होऊ शकते. म्हणून कूलरमधली धूळही तपासायला हवी.

‘लॅब उगाच दिवस लावते’ ही तक्रार तर नेहमीची. खाद्यातले जिवाणू उष्णतेने, कोरडेपणाने अर्धमेले झालेले असतात. म्हणून आधी 25 ग्रॅम खाद्य 225 मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, 37 अंशांच्या आसपास, सुमारे 18 तास ठेवतात. ही पायरी गाळली तर ते पुढच्या कडक माध्यमांत मरतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. त्या माध्यमांपैकी एक 41.5 अंशांवर ठेवतात, म्हणजे इतर जिवाणू मागे पडतात. मग एक्सएलडी अगारच्या लाल प्लेटवर काळ्या मध्याच्या वसाहती शोधायच्या. काही साल्मोनेलांना तो काळा ठिपका येत नाही, तर काही परक्या जिवाणूंना येतो. त्यामुळे जैवरासायनिक आणि सीरम चाचणीशिवाय ‘पॉझिटिव्ह’ लिहिणं चूकच. पीसीआर चाचणी वेळ वाचवते, पण ती मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पकडू शकते.

एकूण जिवाणूसंख्या कमी आली म्हणून साल्मोनेला नाही, असंही धरू नये. ती चाचणीच वेगळी.

सगळ्यात महागात पडणारा समज शीर्षकातला. साल्मोनेला मालात सारखा पसरलेला नसतो. एका पोत्यात असेल, शेजारच्यात नसेल. रिपोर्ट बोलतो तो लॅबमध्ये पोचलेल्या नमुन्याबद्दल. वरच्याच पोत्यातली मूठ पाठवली, तर उत्तम लॅबही काही करू शकत नाही. वरची, मधली, तळाची अशी बरीच पोती निवडून, स्वच्छ नळीने थोडं थोडं काढून, निर्जंतुक पिशवीत एकत्र करून नमुना पाठवावा.