चित्रकादंबरीचा चित्रपट : अपेक्षा आणि शंका

एखाद्या गाजलेल्या चित्रकादंबरीवर चित्रपट निघणार, ही वार्ता आली कीं तिच्या वाचकांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष आनंदानें दिवस मोजूं लागतो. दुसरा, आतां आपल्या आवडत्या ग्रंथाची काय गत होणार, या चिंतेंत पडतो. ही चिंता अगदींच अनाठायीं नसते, हें ‘वॉचमेन’ या इंग्रजी ग्रंथाच्या उदाहरणावरून चांगलें कळून येतें.

अ‍ॅलन मूर यांनीं लिहिलेली व डेव्ह गिबन्स यांनीं चितारलेली ही कथा सन १९८६-८७ मध्यें अमेरिकेंत बारा अंकांतून प्रसिद्ध झाली. वेषधारी वीरांची ही गोष्ट वरवर पाहतां पोरांची करमणूक वाटते. परंतु जगाचा संहार टाळण्यासाठीं असत्य आणि हत्या क्षम्य ठरतात काय, हा तिच्यांतील प्रश्न प्रौढांनाहि निरुत्तर करणारा आहे.

तिच्यावर चित्रपट काढण्याचे बेत सुमारें वीस वर्षें चालले होते. टेरी गिलियम या दिग्दर्शकानें तें काम हातीं घेऊन सोडून दिलें. या कथेला पांच तासांची मालिकाच हवी, असें त्याचें मत झालें. अखेर झॅक स्नायडर यांचा चित्रपट ६ मार्च २००९ रोजीं प्रदर्शित झाला. मूर यांनीं त्यावर आपलें नांव घालूं दिलें नाहीं व पैशाचा वांटाहि नाकारला. गिबन्स यांनीं मात्र त्याला मनापासून साह्य केलें. ग्रंथाचे जनक दोन, आणि त्यांचींच मतें अशीं भिन्न!

शंकेचें खरें मूळ कोठें आहे? आपल्या साहित्यशास्त्रानें काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. चित्रकादंबरी डोळ्यांनींच पाहावयाची असली, तरी ती दृश्य काव्य नव्हे. कारण तिच्यांत काळाची दोरी वाचकाच्या हातीं असते. ‘वॉचमेन’चें बहुतेक पान नऊ समान चौकटींच्या आराखड्यावर बेतलेलें आहे. पांचव्या प्रकरणांतील पानांची रचना तर आरशांतील प्रतिबिंबासारखी आहे. पहिलें पान शेवटच्या पानाशीं जुळतें. भारवीच्या पंधराव्या सर्गांतील गतप्रत्यागत श्लोक ज्यांनीं सोडविले आहेत, त्यांना यांतील गोडी सांगावयास नको. ती मागें वळून ताडून पाहण्यांत आहे. चित्रपटगृहांत मागें वळण्याची सोय कोठून असणार?

स्नायडर यांनीं कित्येक चौकटी पडद्यावर हुबेहूब उतरविल्या. तथापि शेवटांतील अनर्थाचें कारण बदललें, आणि कित्येक वाचक त्यावरच रुष्ट झाले. आमच्या मतें खरी हानि त्या बदलांत नव्हती. चित्रें तींच राहिलीं, पण रेंगाळण्याचें स्वातंत्र्य गेलें, ही हानि मोठी.

म्हणून असें रूपांतर करूंच नये काय? तसेंहि नाहीं. मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही आत्मकथनपर चित्रकादंबरी २००७ सालीं पडद्यावर आली. लेखिका स्वतः व्हँसाँ पारोनो यांच्यासह दिग्दर्शनांत होत्या. त्यांनीं नटनटींना उभें न करतां रेखाटनांनाच गति दिली, आणि कृष्णधवल रूपहि बहुतांशीं कायम ठेविलें. काय सोडावें आणि काय राखावें, हें तेथें जाणत्या हातानें ठरविलें.

तेव्हां अशी नवी वार्ता कानीं येईल तेव्हां घरांतील तरुणांना चित्रपटापासून परावृत्त करूं नये. फक्त आधीं पुस्तक त्यांच्या हातीं द्यावें. ज्यानें एकदां स्वतःच्या गतीनें तीं पानें उलटलीं, त्याच्यापासून तीं कोणताहि चित्रपट हिरावून घेऊं शकत नाहीं.