चिठ्ठीखालची व्हिस्की

पुण्यात व्हिस्की चाखून बघायची असेल तर मे महिना सोडून द्यावा. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री नऊलाही धग टाकत असतात, हॉलमध्ये तीस-बत्तीस अंश असतात आणि पेला नाकाशी नेला की आधी येतो तो नुसत्या स्पिरिटचा भपका. मद्यार्क तसाही पाण्याआधी उडतो; उकाड्यात त्याला जास्तच घाई. त्याच्यामागे मध, मनुका, ओकचं लाकूड काय असेल ते सापडेपर्यंत नाक बधिर झालेलं असतं. जुलै-ऑगस्टात गारवा असतो, पण घरभर दोऱ्यांवर न वाळलेले कपडे आणि त्यांचा कुबट वास. म्हणून आमच्या शनिवारच्या बैठकीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिवरात्रीच्या आसपास आटपतो.

बैठक म्हणजे चार-पाच माणसं, कोथरूडमधल्या एका फ्लॅटचा हॉल आणि प्रत्येकाकडे परवाना. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्यानुसार व्हिस्की पिणाऱ्याला २५ वर्षं पूर्ण हवीत आणि कागद हवा: एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत, आजन्म १,००० रुपयांत. परमिट रूममध्ये बसणाऱ्या किती जणांनी हा कागद आयुष्यात पाहिलाय, देव जाणे. गोव्यात बाटली स्वस्त मिळते, पण ती डिकीत टाकून घाट चढलात तर गुन्हा. तेव्हा गोव्याची व्हिस्कीसुद्धा आम्ही पुण्यातल्याच वाइन शॉपमधून घेतो, पुण्याच्या भावाने, आणि वर्गणी काढून वाटून घेतो. रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलेल्या छोट्या काचेच्या बाटल्यांत एक खंबा व्यवस्थित वाटला जातो.

सामान फार लागत नाही. तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे पेले हवेत. ग्लेनकेर्न नावाचा पेला २००१ मध्ये आला तो याच कामासाठी. रुंद तोंडाचा जाड ग्लास बर्फ-सोड्याला छान, पण त्यात वास टिकत नाही. मेडिकलच्या दुकानातून ५ मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली. एक ड्रॉपर. पिण्याचं गाळलेलं पाणी. बोअरचं अजिबात नको, क्षारांची चव सगळ्यावर बसते. चकणा आत स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला, कारण लसणाची शेव एकदा जिभेवर आली की पुढचे दोन तास सगळ्या व्हिस्की लसणाच्या. मध्ये खायला साधा पाव. संध्याकाळची उदबत्ती त्या दिवशी देवघरातच, दार लोटून.

ओतायचं काम बायकोकडे. ती घेत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. पेल्यांना ती बाहेरून कागद गुंडाळते, कारण रंग फसवतो. गडद म्हणजे जुनी असं डोळा लगेच ठरवून टाकतो, आणि स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला नियमानेच मुभा आहे. मग तळाला चिठ्ठ्या: क, ख, ग.

त्या दिवशीच्या तीन अशा. ग्लेनफिडिक, बारा वर्षांची, ४० टक्के मद्यार्क. गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन ब्रिलियन्स, ४६ टक्के, बाटलीवर वयाचा उल्लेख नाही. बेंगळुरूची अमृत फ्यूजन, ५० टक्के, वयाचा उल्लेख तिच्यावरही नाही. अशा तिन्ही तशाच ओतल्या तर तुलना होतच नाही. पन्नास टक्क्यांची ठसका देते, त्यावरूनच तिला कोणीही ओळखेल. म्हणून आधी तिघींना एका पातळीवर आणायचं. १५ मिली ब्रिलियन्सला ४० टक्क्यांवर आणायला सव्वादोन मिली पाणी लागतं, फ्यूजनला पावणेचार. बायको चष्मा कपाळावर सरकवून सिरिंजवरच्या रेघा मोजते, पाणी घालते, पेला हलकेच फिरवते आणि मग जास्तीचं उपसून तिन्हीकडे पातळी सारखी करते. एवढं झालं की पेल्यांवर बशा. दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही.

आमच्याकडे एकच कडक नियम आहे: लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एकाने ‘व्हॅनिला’ म्हटलं की पाचही जणांना व्हॅनिला येतो, अगदी येतोच. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, श्वास ओढायचा नाही, नुसता येऊ द्यायचा. थकलं नाक की स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायचा. घोट छोटा, जिभेवर फिरवलेला. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडला की चवीचा बराचसा ऐवज तिथे हाती लागतो.

माझ्या वहीतलं त्या दिवशीचं असं: ‘क’ला हिरवं सफरचंद, नासपती, पुढे थोडा कोरडा ओक. ‘ख’ला मध, काकवी, दालचिनी, जिभेवर तेलकट जाडी. ‘ग’ला संत्र्याची साल, कडू चॉकलेट आणि अगदी शेवटी धुराची रेघ. धूर निघाला तिथे ‘ग’ उघडी पडली. फ्यूजनमध्ये तीन हिस्से भारतीय बार्ली आणि एक हिस्सा पीटच्या धुरावर वाळवलेली स्कॉटिश बार्ली असते. ही ओळख फार मोठी नव्हे. धूर कोणालाही सापडतो. खरी परीक्षा ‘क’ आणि ‘ख’ यांच्यात होती.

याचं कारण आमचे शेजारचे काका. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, आणि व्हिस्कीच्या बाबतीत ज्येष्ठताक्रम पाळणारे. बारा वर्षांची ती बारा वर्षांची, अठरा वर्षांची तिच्यावर. वय न सांगणारी म्हणजे काहीतरी लपवणारी. हा समज पुण्यात घरोघरी आहे आणि त्याचा उगम स्कॉटलंडच्या हवेत आहे. तिथे गोदामात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते. बेंगळुरूत दहा ते बारा टक्के. बोर्बनचं जुनं पिंप दोनशे लिटरचं असतं. अकरा टक्के धरून हिशेब मांडला तर बारा वर्षांनी बेंगळुरूच्या पिंपात पन्नासएक लिटर उरतील, स्कॉटलंडच्या पिंपात दीडशेच्या वर. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची एक व्हिस्की काढली, तिचं नाव ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे लोभी देवदूत: हवेत उडून जाणारा वाटा नेणाऱ्यांना दिलेली शिवीच. उष्णतेने दारू लाकडात जोरात शिरते आणि जोरात बाहेर पडते. ओकमधला व्हॅनिलिन, मसाल्याचा वास, रंग, सगळं लवकर येतं. म्हणून चार-पाच वर्षांत बाटली भरता येते, आणि भरावीच लागते.

तरी काकांचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही. लाकूड लवकर बोलतं, पण दारूतली काही रसायनं सावकाशच मवाळ होतात, त्यांना उन्हाने घाई करता येत नाही. चांगल्या जुन्या स्कॉचचा जो मऊपणा असतो तो आपल्या तरुण माल्टांत मला अजून क्वचितच मिळाला आहे. आपल्या माल्टांकडे भरदारपणा असतो. पण बाटलीवरचा आकडा हे त्या देशाच्या हवेतलं मोजमाप. दुसऱ्या हवेत ते लावणं मला पटत नाही.

राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली अमृत कंपनी आपली सिंगल माल्ट घेऊन पहिल्यांदा विकायला गेली ती ग्लासगोला, ऑगस्ट २००४ मध्ये. पॉल जॉननेही २०१२ मध्ये सुरुवात लंडनहून केली. आपल्याकडच्या काकांसारख्या गिऱ्हाइकाला आधी तिकडचा शिक्का लागतो, हे दोघांनाही ठाऊक असणार. शिवाय ‘भारतीय व्हिस्की’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती उसाच्या मळीच्या स्पिरिटची. युरोपात तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. तिथे धान्यच हवं आणि तीन वर्षं लाकडात मुरवणं हवं. अशी मळीचीही एक आम्ही कधीतरी चिठ्ठीखाली घातली होती. वीस मिनिटांत पेल्यातला वास संपला. सोडा आणि शेवेबरोबर ती चांगली लागते, आणि तेवढंच तिचं काम आहे.

तर काका म्हणाले, “माझी बारा वर्षांची मी झोपेतही ओळखीन.” मग त्रिकोणी चाचणी ठरली. तीन पेले, दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी; वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. पाणी न घालता काकांनी ब्रिलियन्स दरवेळी बिनचूक काढली, ४६ टक्क्यांचा चटका लपत नाही. दोन्ही ४० वर आणल्यावर ते अडखळू लागले.

मग पाण्याचाही प्रयोग झाला. त्यासाठी चौथी बाटली, पॉल जॉनची बोल्ड. ती धुराची, म्हणून शेवटी. आधी घेतली तर पुढचं काही कळत नाही. ड्रॉपरने पाच-सहा थेंब टाकले आणि धूर वर आला. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायाकोल हे धुरकट वासाचं द्रव्य पृष्ठभागाकडे सरकतं. बायकोने लांबूनच वास घेतला. “भरताचं वांगं गॅसवर जास्त वेळ राहिलंय,” ती म्हणाली. वहीत त्याहून नेमकं कोणी लिहिलं नव्हतं.

मग पहिल्या तिघींचा पसंतीचा क्रम. काकांनी ‘ख’ पहिली लावली, ‘ग’ दुसरी, ‘क’ तिसरी. बायकोने चिठ्ठ्या उलटल्या. काका चष्मा लावून ‘ख’च्या पेल्यात पुन्हा नाक घालून बसले.

“गोव्याची?”

“गोव्याची, काका. वय बाटलीवर लिहिलेलं नाही.”

“चांगली आहे रे,” ते म्हणाले. उरलेली त्यांनी सावकाश संपवली, पेला खाली ठेवला. “पण दिवाळीत व्याह्यांना द्यायची तर बारा वर्षांचीच देईन. त्यांना काय सांगू, वय विचारू नका म्हणून?”