'मान' आणि पसंतीचा अंगठा

फेसबुकने २००९ साली पसंतीचा अंगठा आणला आणि प्रशंसेची मोजदाद सुरू झाली. आज आपले तरुण स्वतःचे छायाचित्र टाकून त्याखालील आकडा न्याहाळीत बसतात. पाली साहित्यात 'मान' म्हणजे केवळ गर्व नव्हे. मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन हे तिन्ही भाव मानच होत. कारण तिहींच्या मुळाशी तुलना आहे. अंगुत्तर निकायात निंदा व प्रशंसा यांची गणना आठ लोकधर्मांत केली असून ते अनित्य म्हटले आहेत. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये आकडा लपविण्याची सोय दिली. परंतु त्याने तुलना मावळत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हीन ठरविले गेले, त्याने आपले मोल पुन्हा परक्यांच्या हाती का द्यावे? आमच्या मते स्वाभिमानाचा आधार शील व प्रज्ञा हाच होय.