दीड हजारातला महिना

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ, दुर्धर आजाराचे रुग्ण असे ६५ वर्षांखालचे निराधार तिच्यात येतात. ६५ नंतर श्रावणबाळ योजना. आधी महिन्याला ६०० रुपये मिळत, २०१९ पासून १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५००. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ही रक्कम २,५०० झाली.

छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीला खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या विधवेचा हिशेब मांडू. दिवसाला ५० रुपये आले. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो. अंत्योदय कार्ड असेल तर ३५ किलो, नाहीतर माणशी ५ किलो. पण डाळ, तेल, मीठ-मिरची विकतच. गॅसची टाकी साडेआठशेच्या पुढे, म्हणून ती दोन-तीन महिने पुरवायची. वीजबिल भरायचं. दुखलं-खुपलं तर घाटी रुग्णालय, तिथे जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं वेगळं. भाड्याला काहीच उरत नाही, म्हणून चार घरची धुणीभांडी आलीच.

इथेच मेख आहे. विधवेला पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. पोटापुरतं कमावलं, तरी कागदावर ती 'निराधार' राहत नाही.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत करतात. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे आधार बँक खात्याशी जोडून घ्या आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. तो चुकला, की अनुदान थांबू शकतं.